किटली नव्हे, भोवरा!

प्रश्न असा आलाय: अमेरिकेत डुलुथला लेक सुपीरियर या मोठ्या तळ्याच्या काठावर हॉक रिज म्हणून जागा आहे, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमधे दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी मोजतात. त्यातल्या ब्रॉड-विंग्ड हॉकचा घोळका वर जाणाऱ्या गरम हवेत गोल फिरत वर चढतो त्याला ते लोक 'केटल' म्हणतात. मराठी लेखात 'ससाण्यांची किटली' लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. 'ससाण्यांची' पण नाही आणि 'किटली' तर नाहीच.

आधी ससाणा. वाकड्या चोचीचं काहीही दिसलं की गरुड नाहीतर ससाणा ठोकून द्यायचं ही जी सवय लागलीये ना, तिचा मला खरंच वैताग आलाय. ससाणा म्हणजे फाल्कन, अणकुचीदार पंखांचा, बहुतेक वेळा एकटा जाणारा. ब्रॉड-विंग्ड हा रुंद पंखांचा, त्याला बाज म्हणा (तो बाज! ती बाज म्हणजे खाट). ससाणा शब्द माझ्या मते 'शशादन'वरून, म्हणजे ससे खाणारा, अमरकोशात श्येनाच्या, म्हणजे अशाच शिकारी पक्ष्याच्या, नावांमधे आहे तो, पण तो विषय परत कधीतरी.

आता मुद्दा. किटली हा शब्द आपण इंग्रजी केटलवरूनच घेतला आणि त्याला चहा चिकटवला, मराठी कानाला त्यात गोल फिरणं ऐकूच येत नाही. आपल्याकडे तयार शब्द पडलाय, भोवरा. पाण्याचा भोवरा, डोक्यावरच्या केसांचा भोवरा, दोरीने फिरवायचा भोवरा, मग पक्ष्यांचा का नको? कुणी 'घिरट्या' सुचवेल, पण घिरट्या एक घार पण घालते, तो शब्द क्रियेचा आहे, घोळक्याचा नाही. आणि 'उष्णवाताश्रित चक्राकार थवा' वगैरे घडवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, तुमचा शब्द उच्चारून होईतो पक्षी निघून गेलेले असतात.

पण खरी गंमत पुढे आहे. भोवरा, भोवती, भोवळ, सभोवार हे सगळं कुटुंब संस्कृत 'भ्रम्' धातूचं, आणि 'त्याला ते भोवलं' मधलं भोवणंही त्यातलंच! केलेलं कर्म फिरून आपल्याच अंगावर येतं, म्हणून भोवतं. हे सांगितलं की कोणीतरी विद्वान हटकून म्हणतो की नाही, हे 'भू' वरून, जे होतं ते भोवतं. अहो, मग नाकातला अनुस्वार कुठून आला? जुनं लिखाण उघडा, भोंवरा, भोंवणें, सगळीकडे डोक्यावर टिंब. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले म्हणून आज दिसत नाही इतकंच. ग्रामचं गांव झालं, नामचं नांव झालं, तसं 'भ्रम'मधल्या म-चं ंव झालं. 'भू'मधे म नाहीच, तर टिंब काय आभाळातून पडलं? या एका टिंबासाठी मी कुणाशीही भांडेन.

आणि अजून एक. हॅरियर नावाच्या शिकारी पक्ष्याला मराठीत भोवत्या म्हणतात, बहुतेक शेतावरून, गवतावरून खालून खालून चकरा मारतो म्हणून. पण स्थलांतरात भोवऱ्याची गरज सगळ्यात कमी असणाऱ्यांतला हाच! सुपीरियरच्या गार पाण्यावर वर चढणारी गरम हवा, म्हणजे थर्मल, नीट तयार होत नाही, त्यामुळे उत्तरेकडून आलेले ब्रॉड-विंग्ड पाणी ओलांडायचं टाळतात आणि काठाकाठाने नैऋत्येला सरकत तळ्याच्या पश्चिम टोकाला, डुलुथपाशी एकगठ्ठा येतात. १५ सप्टेंबर २००३ला तिथे एका दिवसात एक लाखाच्या वर ब्रॉड-विंग्ड मोजले गेले ते उगीच नाही. भोवत्याला मात्र एवढी पर्वा नसते, तो पंख मारत पाण्यावरून सरळ निघून जाऊ शकतो. नाव भोवत्या आणि भोवऱ्याशी देणंघेणं नाही, आता बोला.

हां, लेखात एक चूक करू नका, 'भोवऱ्यातले पक्षी मोजले' असं सरसकट लिहू नका. आत सगळे एकमेकांवरून फिरत असतात, तोच पक्षी तीनदा मोजला जाईल. मोजणारे वाट बघतात, वर पोचलेले पक्षी पंख ताणून एकामागे एक घसरत पुढच्या थर्मलकडे निघतात तेव्हा त्या ओळीवर क्लिकर (हातातलं दाबून मोजायचं यंत्र) चालतो, गर्दी फार असेल तर दहा-दहाच्या हिशोबाने. तेव्हा 'भोवरा फुटला आणि बाज ओळीने सुटले, तिथे मोजणी झाली' असं लिहा.