शिक्षा किती, हे कोण ठरवते?

प्रश्न : चोरीच्या गुन्ह्यात एकाला कैद होते, तर दुसरा समाजसेवा करून सुटतो, हे न्यायाधीशांच्या मर्जीवर असते काय?

उत्तर : निव्वळ मर्जीवर नव्हे, मात्र कायदा त्यांना बरीच मोकळीक देतो, हे खरे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु ऐवज ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने ऐवज किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा होते. पुन्हा दोषी ठरणाऱ्यास किमान एक वर्ष सक्तमजुरी. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकले जाते. वय, पूर्वेतिहास, कुटुंबाची जबाबदारी तेव्हाच मांडायची असते, आणि दुर्दैवाने काही वकील ही संधी दोन वाक्यांत उरकतात. खटल्यादरम्यान कोठडीत काढलेले दिवस कैदेतून वजा होतात.