सहा फुटी स्वाराने ५२ इंची घोडीवर बसावे का?

वसमतकडच्या एका तरुणाने विचारले आहे की, त्यांची उंची ५ फूट ११ इंच आणि वजन ६६ किलो आहे. माळेगावच्या यात्रेतून त्यांनी पाच वर्षांची ५२ इंची, म्हणजे खांद्याशी ५२ इंच उंचीची, घोडी आणली आहे. ते तिच्यावर बसले की पाय पोटाखाली लोंबतात आणि गावातील लोक "तू घोडीवर बसलास की घोडी तुझ्याखाली उभी आहे?" म्हणून हसतात. काका मात्र म्हणतात की, आपल्या मुलखातील तट्टांनी मोहिमा मारल्या आहेत, खुशाल बस. यांपैकी खरे कोणाचे?

माझे उत्तर असे की, नेहमीच्या स्वारीसाठी या घोडीवर तुम्ही बसू नये. परंतु लोक ज्या कारणाने हसतात, ते कारण मात्र खरे नाही. लोंबणारे पाय दिसायला विचित्र दिसतात एवढेच. घोडीच्या पाठीला तुमची उंची कळत नाही, तिला कळते ते वजन, आणि ते वजन कोठे व कसे टेकले आहे हे. ४८ किलोची उंच, सडपातळ मुलगी याच घोडीवर बसली असती, तर मी इतक्या ठामपणे नाही म्हटले नसते.

आधी वजनाचा हिशेब. खेड्यात वजनकाटा नसला तरी शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांच्या मागून, जेथे तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा, बसतो तेथून, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८७७ ने भागावे, म्हणजे अंदाजे वजन किलोमध्ये मिळते. माझ्याकडे सध्या असलेली घोडी तुमच्या घोडीएवढ्याच उंचीची आहे. तिचा घेर १५० आणि लांबी १३५ भरते, म्हणजे वजन सुमारे २५६ किलो. स्वार, खोगीर, कपडे, पायताण असे सगळे मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे, असा जुन्या घोडदळांपासून चालत आलेला अंदाज आहे. तिच्या बाबतीत तो ५१ किलो होतो. तुम्ही ६६ आणि खोगीर-रिकिबी मिळून ८ धरल्या, तर ७४ किलो, म्हणजे जवळजवळ २९ टक्के. अमेरिकेतील ओहायो येथे आठ घोड्यांवर १५ ते ३० टक्के ओझे ठेवून केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २५ आणि ३० टक्क्यांना हृदयाचे ठोके स्पष्टपणे वाढले आणि नंतर पाठीचे स्नायू दुखरे व ताठर झालेले आढळले. तुमची घोडी माझ्या घोडीपेक्षा भरदार असू शकेल, म्हणून आधी मोजावे. पण २५६ चे ३७० किलो काही होणार नाहीत, आणि तुमच्या ७४ किलोंच्या पाचपट म्हणून तुम्हाला तेवढे लागतात.

येथे कोणी तरी १९६५ च्या केंद्रीय नियमांचा दाखला देईल, कारण ओझ्याच्या जनावरांसाठीच्या त्या नियमांत तट्टाला ७० किलोंची मर्यादा आहे. परंतु ती पाठीवर बांधलेल्या ओझ्याची मर्यादा आहे, आणि प्रत्येक तट्टाने ७० किलो न्यावे असा तिचा अर्थ नाही. मेंढरांबरोबर फिरणारा धनगर आपल्या तट्टावर बिऱ्हाड लादतो तेव्हा ते दोन्ही बाजूंना सारखे वाटलेले असते आणि तट्टू पावलाच्या चालीनेच जाते. स्वार मात्र दुडकीला, म्हणजे घोडे संथ धावू लागले की, उचलला जातो आणि आपटतो, वळणावर कलतो, आणि नवखा असेल तर तोल सावरण्यासाठी लगामालाच लोंबकळतो.

उंची आडवी येते ती याच ठिकाणी. उंच माणसाचे धड लांब असते, त्यामुळे तो थोडा कलला तरी खोगीर पाठीवरून फिरू पाहते आणि तंग जास्त आवळावा लागतो. त्याच्या मांड्याही लांब असतात, म्हणून त्याला लांब बैठकीचे खोगीर लागते. ठेंगण्या घोडीची पाठ मात्र आखूड असते, आणि खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपला पाहिजे. तिच्यामागे कमरेला खालून बरगड्यांचा आधार नाही. लांब खोगीर घातले की स्वार नेमका त्या कमरेवर सरकतो, आणि लहान खोगीर घातले तर त्याच्या मागच्या कडेवर बसतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. चोविसाव्या वर्षी मी स्वतः ६ फूट १ इंच होतो, आणि वरातीच्या घोड्याचे उसने खोगीर घालून एका ५० इंची घोडीवर रोज शेतावर जात असे. एके दिवशी खोगीर उतरवले तेव्हा सगळी पाठ घामाने निथळत होती. फक्त कण्याच्या दोन्ही बाजूंना, मागच्या अंगाला, तळहाताएवढे दोन कोरडे ठक्क डाग होते. मला वाटले, तेथे घाम कमी आला, म्हणजे बरेच आहे. वास्तविक तेथे खोगीर इतके रुतत होते की घामच सुटत नव्हता. पुढे खरारा करताना त्या जागी हात गेला की ती पाठ खाली घाली आणि कान मागे टाकी, तेही मी खोडी समजून सोडून दिले. दोन-अडीच महिन्यांनी त्या दोन्ही डागांवर पांढरे केस आले. ती कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडी शेवटपर्यंत ते दोन पांढरे ठिपके घेऊन हिंडली, आणि पाहणाऱ्याला ते जन्मखूण वाटत.

काकांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. भीमथडीची, म्हणजे भीमा नदीच्या खोऱ्यातली, तट्टे काटक होती आणि आहेत. आइसलँडचे आणि मंगोलियाचे ठेंगणे घोडेही मोठी माणसे नेतात. ज्या तट्टाची कंबर रुंद व भरीव, पाठ आखूड आणि गुडघ्याखालची नळी जाड असते, ते पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक पेलते, हे मी पाहिले आहे. पण मराठी स्वार सामान फार थोडे बाळगून निघत आणि मंगोल स्वार वाटेत घोडी बदलतो. तुमच्याकडे एकच घोडी आहे. शिवाय घोड्याच्या कण्याची हाडे पूर्ण जुळायला साडेपाच वर्षे लागतात, आणि तुमची घोडी पाच वर्षांची म्हणून विकली गेली आहे. बाजारातले वय दात पाहूनच धरावे. कोपऱ्याचे कायमचे दात साडेचार वर्षांच्या सुमारास येतात. ते नुकतेच फुटलेले दिसले तर वर्षभर कोणीच बसू नये.

तुम्ही लिहिले आहे की धाकटी बहीण बारा वर्षांची असून तिचे वजन ३५ किलो आहे. खोगीर हलके आणि घोडीच्या पाठीला बसणारे घेतले, तर ही घोडी तिच्यासाठी उत्तम आहे. सुरुवातीला अर्धा तास, पावलाच्या चालीने, मऊ रानवाटेवर. डांबरी रस्त्यावर दुडकी नको, आणि पावसाळ्यात काळ्या चिखलात तर मुळीच नको. परतल्यावर जबड्याच्या हाडाखाली बोटे ठेवून नाडी मोजावी. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते, आणि श्रमानंतर पंधरा-वीस मिनिटांनीही ती ६४ च्या वर राहिली तर काम जास्त झाले असे समजावे. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटे दाबत मागे न्यावी आणि ती कोठे दचकते ते पाहावे. तुम्ही स्वतः तिला लांब दोरीवर फिरवा, हाताशी धरून चालवा. घोडी ओळखायला बसण्याची गरज नसते.

स्वतःच्या स्वारीसाठी ५८ ते ६० इंचांची, भरीव छातीची मारवाडी किंवा काठेवाडी घोडी पाहावी. माळेगावला जाताना फीत खिशात ठेवा. विकणारा उंची इंचांत मोठ्याने सांगेल, छातीचा घेर सांगणार नाही; तो तुम्ही स्वतः मोजा, आणि ३७० किलो भरत नसतील तर घोडी कितीही देखणी असली तरी पुढच्या दावणीकडे चला.