प्लांटसाठी नेटवर्क ॲडमिन घेताना सीव्हीपेक्षा काय बघायचं

तुम्ही लिहिलंय की चाकणला ऑटो पार्ट्सचं युनिट आहे, दोन शेड आहेत, नेटवर्क ॲडमिन हवाय आणि आलेल्या सगळ्या सीव्हींवर सीसीएनए, म्हणजे सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट आहे, मग निवडायचं कसं. सीसीएनए असू दे की, फक्त तारीख बघा, ते तीन वर्षांनी एक्स्पायर होतं. पण हिंजवडीच्या ऑफिसात नेट गेलं तर लोक चहाला जातात, तुमच्याकडे लाइन थांबते आणि प्रॉडक्शनवाला डोक्यावर येऊन बसतो.

म्हणून इंटरव्ह्यू केबिनमध्ये घेऊच नका. सेफ्टी शूज द्या, शेडमध्ये न्या, एखाद्या सीएनसीपुढे (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) उभं करून विचारा, हिचं कनेक्शन अधूनमधून तुटतंय, काय बघशील? लगेच "स्विच रीस्टार्ट करतो" म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. जो मान वर करून केबल ट्रे बघतो आणि विचारतो की व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, याचा लॅनला डिस्टर्बन्स होतो) पॉवर केबल नी लॅन केबल एकाच ट्रेतून गेल्यात का, लॅन केबल शील्डेड आहे का, अर्थिंग कसंय, रॅक किती लांब आहे, तो कामाचा. कॉपरची लॅन केबल १०० मीटरपर्यंतच, त्यामुळे शेड ते शेड फायबर टाका, हे त्यानं आपणहून बोलायला हवं.

मग जुन्या मशीनकडे न्या. विंडोज एक्सपीवर चालणारा एखादा पीसी तुमच्याकडेही निघेलच, सपोर्ट २०१४ लाच संपलाय पण मशीन चांगलं चालतंय तर फेकणार कोण! त्याला वेगळ्या व्हीएलएएनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात टाकतो, इंटरनेट तोडतो, फायरवॉलमधून लागेल तेवढंच उघडतो, डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी काढून ठेवतो, असं उत्तर आलं पाहिजे, नुसतं "अँटिव्हायरस टाकू" नको. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअर व्हायरसमुळे रेनॉ या कार कंपनीच्या काही प्लांटमधलं उत्पादन थांबलं, जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसनं आपल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या शिपिंग कंपनीचं टर्मिनल ठप्प केलं, आणि वॉनाक्राय विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरला त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता. असा सायबर हल्ला झाला तर सर्ट-इनला (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) ६ तासांत कळवायचा नियम माहितीय का, तेही विचारून घ्या जाता जाता.

पॅनेलवर मेंटेनन्सचा माणूस हवाच, पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला हात लावायच्या आधी हा पोरगा त्याला विचारणार की नाही ते त्यालाच बरोबर कळतं.

आणि हो, स्विच बदलणं, पॅच मारणं ही सगळी कामं गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी होणार हे ऑफर देण्याआधीच सांगा, रात्री बोलावलं तर वेगळे पैसे किती तेही लेटरमध्ये लिहून द्या.