लेझरने रंग काढण्याविषयी दोन पत्रे

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे पावडर कोटिंगचे लहान जॉबवर्क युनिट आहे. मशिनिंग झालेले बिडाचे भाग आमच्याकडे येतात. मास्किंग (रंग नको त्या जागेवरचे झाकण) नीट बसले नाही की बेअरिंगच्या बैठकीवर रंग चढतो आणि ग्राहक माल परत पाठवतो. आजवर आम्ही रिमूव्हर (रंग सोडवणारे रसायन) आणि पॉलिश पेपरवर भागवले. आता एक विक्रेता लेझर मशिन घ्या म्हणतो. रंगवताना भाग ज्यांवर टांगतो ते हूकही त्यावरच साफ होतील, त्यांच्यावरचा रंग जाळायची भट्टी लागणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. घ्यावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगवेगळी कामे एकत्र आली आहेत. बैठकीवरचा रंग काढण्यासाठी लेझरचा विचार जरूर करा. हूकसाठी मात्र भट्टी मोडीत काढू नका.

लेझरचा झोत पडला की रंग ती ऊर्जा शोषून घेतो, क्षणात तापतो आणि वाफ, धूर व बारीक कण होऊन धातूपासून सुटतो. खालचे लोखंड त्याच झोताचा बराचसा भाग परतवून लावते आणि जी उष्णता घेते ती लगेच आत पसरवते, त्यामुळे ताकद बेताची ठेवली तर रंग जातो आणि धातू शाबूत राहतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये जॉन अस्मस या शास्त्रज्ञाने संगमरवरी शिल्पांवरची काजळी अशीच काढून दाखवली होती : काळा थर झोत शोषून उडाला आणि पांढऱ्या दगडाने तो परतवला.

हे साधते ते झोत तुटक, म्हणजे पल्समध्ये, येत असेल तर. एकेक पल्स साधारण १०० नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतका असतो. तेवढ्या वेळात उष्णता खोल उतरू शकत नाही. बाजारात १,००० ते ३,००० वॅटची अखंड झोताची मशिने त्यामानाने स्वस्त मिळतात आणि वॅटचा आकडा पाहून माणूस भुलतो, पण ती मशिने भागाला तापवतात. पातळ पत्रा त्याने वाकतो, आणि ज्या बैठकीचे माप आपण शतांश मिलिमीटरमध्ये सांभाळतो तिथे मी तरी अखंड झोत लावू देणार नाही. आपल्या कामाला काही शे वॅटचे पल्सवाले मशिन पुरेल. विक्रेत्याला आपलाच नाकारला गेलेला भाग द्या, आपल्यासमोर साफ करून घ्या आणि बोअर गेजने (छिद्राचा आतला व्यास मोजण्याच्या साधनाने) आधीचे व नंतरचे माप स्वतः घ्या.

हूकचे गणित निराळे आहे. त्यांच्यावर थरावर थर साचून रंग काही मिलिमीटर जाड होतो, तर एका पल्सला निघतात जेमतेम काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग. शिवाय झोत सरळ रेषेत जातो; हूकच्या वळणामागे तो पोहोचत नाही. खोल, अरुंद बोअरमध्येही हीच अडचण येते, म्हणून बैठक किती आत आहे हे विक्रेत्याला आधीच दाखवा.

आता ज्या गोष्टीविषयी विक्रेते सहसा गप्प बसतात ती. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी तळहाताएवढ्या फ्लँजवर हे काम होताना पाहिले. तडतड आवाज करत पांढरी ठिणगीची रेघ पुढे सरकत होती, राखाडी रंग आधी तपकिरी पडत होता आणि मग खाली टूलच्या मूळ रेघा जशाच्या तशा दिसू लागत होत्या. काम देखणे होते. पण धूर ओढणाऱ्या नळीचे तोंड हातभर लांब ठेवले होते, आणि दहा मिनिटांनी शेजारच्या टेबलावर रुमाल फिरवला तर त्यावर काळी रेघ उमटली. एक चौरस मीटरवरचा ७० मायक्रॉनचा थर म्हणजे जवळपास १०० ग्रॅम रंग. तो सगळा हवेत जातो, आणि हवेतून माणसाच्या छातीत. जुन्या भागांवर शेंदराचा किंवा क्रोमेटचा प्रायमर असेल तर त्या धुरात शिसे किंवा कर्करोगकारक क्रोमियम असते. म्हणून फिल्टरसह धूर ओढणारी यंत्रणा किमतीत धरूनच हिशेब करा. ती परवडत नसेल तर लेझरही परवडत नाही असे समजा. आपल्या रिमूव्हरच्या डब्यावर मिथिलीन क्लोराईड लिहिलेले असेल तर ते सोडण्याची घाई मात्र अवश्य करा. त्याची वाफ शरीरात गेल्यावर तिचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो, आणि अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापराच्या रिमूव्हरमधून ते हद्दपार केले आहे.

एक व्यवहारातली बाब : साफ झालेले बीड उघडे पडते आणि कोल्हापूरच्या पावसाळी हवेत त्यावर लवकर तांबेरा धरतो. बैठक साफ झाली की लगेच गंजरोधक तेल लावा.

प्रश्न : मी चाकणला लेझर क्लीनिंगच्या मशिनवर ऑपरेटर आहे. मालकांनी वेल्डिंगचा काळा चष्मा दिला आहे. तो चालेल का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : नाही. आज त्या चष्म्यावर काम करू नका. या मशिनचा प्रकाश बहुधा १,०६४ नॅनोमीटरचा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचे भिंगच तो पडद्यावर एकवटते. तिथली इजा भरून येत नाही. झोत थेट डोळ्यात जावा लागतो असेही नाही, चकचकीत धातूवरून परतलेला झोतही पुरेसा आहे. मशिनवरच्या पाटीवरची तरंगलांबी आणि चष्म्यावर छापलेली तरंगलांबी जुळली पाहिजे, आणि तिच्यासाठी किती ‘ओडी’चे (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे काच तो प्रकाश किती अडवते त्याचा आकडा) संरक्षण आहे तेही चष्म्यावर लिहिलेले असले पाहिजे, आपल्या मशिनला किती ‘ओडी’ लागतो ते उत्पादकाच्या पुस्तिकेत मिळेल. तसाच चष्मा मदतनिसालाही हवा, आणि कामाभोवती लेझरसाठीचाच आडोसा हवा. हे पत्र मालकांना दाखवा.