छिद्रं पाडली, तरी सेन्सर सुस्तच

प्रश्न : मी कोल्हापुरात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. अमोनिया ओळखणाऱ्या सेन्सरसाठी काचेवर पॉलिअ‍ॅनिलिनची (वीज वाहणाऱ्या पॉलिमरची) फिल्म ओतून वाळवते आणि तिच्यावर अमोनिया सोडते. तिचा विजेला होणारा रोध वाढतो, पण फार सावकाश. नंतर हवा सोडली तर मूळ आकड्यावर येतच नाही. ‘फिल्म सच्छिद्र कर’ असं गाइड म्हणाले. मीठ मिसळून ते धुऊन काढलं, छिद्रं पडली, तरी फरक जेमतेम.
– एक वाचक

उत्तर : छिद्रं मोजू नकोस, दोन छिद्रांमधल्या भिंतीची जाडी बघ. वायूला आत मुरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी निम्मी केलीस की वेळ पाव होतो. मीठ कितीही बारीक वाटलं तरी भिंती काही मायक्रॉनच्या राहतातच. शिवाय तुझा करंट तळाच्या घट्ट थरातून निघून जातो आणि अमोनिया तिथवर उशिरा पोचतो. मीटरला काय दिसणार?

मी उलट्या बाजूने सुरुवात केली असती: आधी जाळी, मग तिच्यावर पॉलिअ‍ॅनिलिन. पॉलिस्टायरिन हे प्लॅस्टिक क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेवर पसर आणि वरून दमट हवा सोड, अर्थात फ्यूमहूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). क्लोरोफॉर्म उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्पाचे थेंब दाटीवाटीने बसतात आणि वाळल्यावर त्यांच्या जागी मधाच्या पोळ्यासारखी जाळी उरते. फ्रान्समधल्या फ्रांस्वा आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली हे दाखवलं. साध्या पॉलिस्टायरिनची जाळी जरा वेडीवाकडी येते, आपल्याला चालते.

ही जाळी आधी इथेनॉलमध्ये भिजव, नाहीतर भोकांत हवा अडकते. मग ०.२ मोलर अ‍ॅनिलिन हायड्रोक्लोराइड आणि ०.२५ मोलर अमोनियम परसल्फेटच्या ताज्या मिश्रणात बुडव. भिंतींवर पॉलिअ‍ॅनिलिनचा शंभर-सव्वाशे नॅनोमीटरचा हिरवा थर चढतो. पॉलिस्टायरिन वीज वाहत नाही, त्यामुळे करंटला या थराशिवाय वाटच नाही. धुताना नुसतं पाणी नको, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घे.

आता मूळ आकडा. अमोनिया पॉलिमरवरचा प्रोटॉन ओढून घेतो, म्हणून रोध वाढतो आणि हिरवा रंग निळा होत जातो. परतीला किंचित ऊब मदत करते. पण जास्त तापवलंस तर हायड्रोक्लोरिक आम्लच उडून जातं आणि आकडा कायमचा सरकतो. कॅम्फर सल्फॉनिक आम्ल सहजी उडत नाही. डोपिंग, म्हणजे पॉलिमरला आम्लातून प्रोटॉन देणं, त्याने करून बघ.

आणि दमटपणा विसरू नकोस. ओलाव्याने पॉलिअ‍ॅनिलिनचा रोध उतरतो, अमोनियाच्या नेमका उलट. वहीत प्रत्येक वाचनाशेजारी आर्द्रता लिही. जुलैतले आणि जानेवारीतले आकडे एका आलेखावर टाकू नकोस.