फेजला न जुमानणारा व्हिब्रिओ अचानक कसा फुटतो?

प्रश्न (व्हेनामी कोळंबी-संवर्धक, देवगड तालुका): तळ्यातून व्हिब्रिओ गटातले दोन जिवाणू वेगळे केले. फेज (जिवाणूंना मारणारा विषाणू) एकाचा फडशा पाडतो, दुसऱ्यावर ढिम्म परिणाम नाही. दोघांना एकत्र वाढवून फेज घातला, तर दोन-तीन तासांत नळी नितळ झाली. दुसराही कसा मेला?

उत्तर: तो मेला का, हेच आधी पाहा. दोघांपैकी जास्त संख्येचा फुटला तरी नळी नितळ दिसते. फेज घालण्याआधी आणि नंतरचा नमुना टीसीबीएसवर (व्हिब्रिओ वाढवायच्या खास अगारवर) पसरून वसाहती मोजा. व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस हिरवा, व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस पिवळा उठतो. तुमची जोडी अशी असेल तर काम सोपं.

दुसराही खरोखर घटला असेल, तर गोष्ट रंजक आहे. फेज पेशीवरच्या ठरावीक रेणूलाच, म्हणजे रिसेप्टरला चिकटतो. रिसेप्टर नसला की फेजला दार बंद. पण 2017 मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू आणि त्याला मारणारा एसपीपी-1 फेज यांच्यावर दाखवलं, की रिसेप्टर नसलेल्या पेशीही संवेदनशील शेजाऱ्यांसोबत असताना बळी पडतात. त्यामागे दोन कारणं दिसली. फुटलेल्या पेशींतून सांडलेली फेजची एन्झाइमं शेजाऱ्याची पेशीभित्तिका खातात. यात फेज आत शिरतच नाही. दुसरं, क्वचित घडणारं: संवेदनशील पेशी पटलाच्या सूक्ष्म पिशव्या सोडतात, त्यांतून रिसेप्टर प्रतिकारक पेशीवर येऊन बसतो आणि फेज आत घुसतो. हा रिसेप्टर उसना. जनुक नसल्यामुळे पुढच्या पिढ्यांत तो विरळ होत जातो.

मात्र हे व्हिब्रिओला जसंच्या तसं लावू नका. बॅसिलसला नसलेलं बाह्यपटल (भित्तिकेबाहेरचं पटल) व्हिब्रिओला असतं, त्यामुळे बाहेर सांडलेली एन्झाइमं भित्तिकेपर्यंत सहज पोचत नाहीत.

दुसऱ्याची एकट्याची चाचणी अशी करा: 2 टक्के मीठ घातलेल्या 0.6 टक्के मऊ अगारचे 4 मिली, 45 अंशांच्या आसपास, त्यात जोमात वाढणाऱ्या जिवाणूचे 200 मायक्रोलिटर. हे प्लेटवर ओतून गोठू द्या. त्यावर फेजच्या दहापट-दहापट विरळ द्रावणांचे 5-5 मायक्रोलिटरचे थेंब ठेवा. ओतताना अगार 45 अंशांहून फार गरम असला तर जिवाणू भाजून निघतात. फक्त दाट थेंबाखाली डाग पडला आणि विरळ थेंबांत सुटे ठिपके नाहीत, तर फेज त्यात वाढत नाही. इथे अनेकजण फसतात आणि ‘फेज लागू पडला’ असं लिहून मोकळे होतात.

प्रश्न: पावसाळ्यात फेजचा परिणाम कमी का वाटतो?

उत्तर: अनेक फेजना चिकटायला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम लागतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 10 मिलिमोल कॅल्शियम आणि 53 मिलिमोल मॅग्नेशियम असतं; खाडीला पूर आला की दोन्ही घटतात. त्याच दिवशीचं तळ्याचं पाणी गाळून, उकळून, त्यात चाचणी घ्या. फरक दिसला तर तुलनेसाठी काही नळ्यांत कॅल्शियम क्लोराइड घाला, पण फॉस्फेटयुक्त माध्यमात नको: पांढरा साका बसतो आणि कॅल्शियम वाया जातं.