मोकळी पेलेट्स मासे खातात, गळाला लावलेलं सोडून देतात. फ्लोट रिग किती वेगाने बुडायला हवी?

तुम्ही लिहिलंय की दोन मीटर खोल तलावात 4 मिमीची पेलेट्स (माशांच्या खाद्याच्या दाबून बनवलेल्या गोळ्या) थोडी थोडी टाकत राहिलं की कार्प आणि रोच हे मासे मधल्या पाण्यात वर येऊन ती टिपतात, पण तेच पेलेट गळाला लावून फ्लोटखाली सोडलं की तोंड लावत नाहीत. (फ्लोट म्हणजे दोरीवरचा, पाण्यावर तरंगणारा खुणेचा तुकडा; तो, दोरी, शॉट आणि गळ मिळून रिग.) आता शॉट, म्हणजे दोरीवर चिमटून लावायचे धातूचे छर्रे, वाढवायचे की कमी करायचे, असा प्रश्न आहे. माझ्या मते आधी कमी करा. पण त्याहून आधी गळाकडे बघा, कारण बहुतेक वेळा खरा गुन्हेगार तिथे असतो.

आपण वजनाचा विचार हातातल्या वजनाने करतो. माशाला मात्र पाण्यातलं वजन दिसतं, म्हणजे वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन वजा करून उरतं ते. 4 मिमी जाडीचं आणि तेवढ्याच लांबीचं पेलेट घ्या. त्याचं आकारमान साधारण 50 घन मिमी. ते पाण्यापेक्षा 15 टक्के जड आहे असं धरलं, तर पाण्यात त्याचं वजन उरतं सात-आठ मिलिग्रॅम. आता बारीक तारेचा 18 नंबरचा गळ. तो हातात 15 मिलिग्रॅमच्या आसपास भरतो, आणि पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठ पट असल्यामुळे पाण्यात गेल्यावरही त्यातले 13 शिल्लक राहतात. थोडक्यात, पाण्यात गळ हा आमिषापेक्षा जड असतो. जाड तारेचा गळ लावलात तर दुप्पट-तिप्पट जड.

या आकाराच्या वस्तू पडतात तेव्हा वेग साधारण वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणून गळासकट पेलेटचं वजन मोकळ्याच्या पावणेतीन पट झालं तरी वेग पावणेतीन पट होत नाही, दीडपटीहून थोडा जास्त होतो. पण तेवढाही पुरतो. मोकळं 4 मिमीचं पेलेट सेकंदाला 10-11 सेंमी उतरतं, म्हणजे दोन मीटरला 18-20 सेकंद. त्याच गर्दीतून गळाला लावलेला एकच दाणा 17-18 सेंमीच्या वेगाने निघून जातो. मासा रोज ज्या चालीने अन्न उतरताना बघतो, त्यात हा वेगळा उठून दिसतो. शिवाय मोकळं पेलेट डुलत, गिरक्या घेत येतं, आणि गळाला लावलेलं एका बाजूला ओढलेलं.

आता शॉट. 8 नंबरचा शॉट 0.06 ग्रॅमचा (नंबर वाढतो तसा छर्रा बारीक). पाण्यात तो सुमारे 55 मिलिग्रॅम उरतो, म्हणजे एकटा छर्रा सात पेलेट्सच्या बरोबरीचा. तो गळापासून 10 सेंमीवर लावला की खाली काय लावलंय याला काही अर्थच राहत नाही, छर्रा आमिषाला मागे ओढत नेतो. (ब्रिटनमध्ये 1987 पासून 0.06 ग्रॅमच्या वरच्या आणि 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे, ती हंसांच्या विषबाधेमुळे. म्हणून तिथे 8 नंबर आणि त्याहून बारीक छर्रे अजून शिशाचे मिळतात, मोठे मात्र टंगस्टन किंवा इतर धातूंचे. टंगस्टन जास्त घन, त्यामुळे त्याच वजनाचा छर्रा छोटा असतो आणि थोडा वेगाने पडतो. पण तुमच्या प्रश्नात हा फरक मोजण्यासारखा नाही.)

मधल्या पाण्यात मासे असतील तर सगळे शॉट एका जागी गोळा करू नका. शर्टाच्या बटणांसारखे अंतर ठेवून लावा, वरचे मोठे, खाली जाताना बारीक, आणि शेवटचा 10 नंबर किंवा त्याहून लहान, गळापासून निदान 30-40 सेंमी वर. वॅगलर (फक्त बुडाशी दोरीला जोडलेला फ्लोट) वापरत असाल तर बहुतेक वजन फ्लोटच्या बुडाशीच अडकवा, दोरीवर नाममात्र ठेवा. पोलवर (रीळ नसलेल्या लांब दांड्यावर) असाल तर हलका फ्लोट घ्या. 0.2 ग्रॅम वजन पेलणारा फ्लोट घेतला की वजन कमी लावण्यावाचून पर्यायच राहत नाही.

रिग कशी ठेवता तेही बघा. फ्लोट आणि आमिष पाण्यावर लांब आडवे ठेवले तर आमिष कमानीतून झुलत फ्लोटखाली येतं, प्रत्येक खोलीवरून हळू जातं. आमिष आधी आणि फ्लोट त्याच्या डोक्यावर असं सोडलं तर ते सरळ खाली जातं. मधल्या पाण्यातल्या माशासाठी मी नेहमी आडवीच ठेवतो.

एका गोष्टीवर लोक उगाच वेळ घालवतात. हुकलेंथ (गळाला बांधलेला दोरीचा शेवटचा तुकडा) फ्लुरोकार्बनची की नायलॉनची. फ्लुरोकार्बनची घनता 1.78, नायलॉनची 1.14, हे खरं. पण 0.12 मिमी जाडीचा 15 सेंमी तुकडा घेतला तर दोघांच्या पाण्यातल्या वजनात जेमतेम एक मिलिग्रॅमचा फरक पडतो. गळाच्या 13 पुढे तो काय! ताठरपणा आणि जाडी यांचा परिणाम जास्त होतो. ताठर दोरी आमिषाला मोकळेपणाने डुलू देत नाही.

मग गळाचं वजन भरून कसं काढायचं? इथे एक्स्पांडर कामाला येतं. हे फुगवून बनवलेलं, आत हवेच्या पोकळ्या असलेलं पेलेट. कोरडं टाकलं तर तरंगतं. पंपात पाण्यासकट घालून हवा ओढली आणि दाब सोडला की पोकळ्यांत पाणी शिरतं आणि ते बुडायला लागतं. पंप अर्धवट मारलात तर थोडी हवा आत राहते, आणि ती गळाचं वजन जवळजवळ पेलते. असं पेलेट गळासकट मोकळ्या दाण्याच्या चालीने उतरवता येतं. फक्त बादलीत जमलेला तोल खाली तसाच राहत नाही. दोन मीटरवर दाब पाचव्या हिश्शाने वाढतो, हवा साधारण सहाव्या हिश्शाने आकसते, काही पाझरून बाहेरही जाते. म्हणून बादलीत अगदी लटकून राहणारं नको, अंमळ हळू बुडणारं घ्या.

भिजवलेल्या पेलेटबद्दलही उलटसुलट ऐकायला मिळतं. शोषलेलं पाणी पाण्यात काहीच वजन देत नाही. दाणा फुगतो, आकार वाढतो, अडथळा वाढतो, म्हणून वेग थोडा कमी होतो. पण कोरड्या दाण्यात हवा अडकलेली असेल तर तिच्या जागी पाणी आल्याने तो उलट लवकर बुडतो. दोन्ही परिणाम एकाच वेळी चालू असतात, म्हणून एकाचं म्हणणं दुसऱ्याला पटत नाही. बारीक 2 मिमीची कोरडी पेलेट्स तर पृष्ठभागाच्या ताणावरच अडकून राहतात. टाकण्याआधी ओली करून घेतली की हा त्रास संपतो.

थंडीत 5 अंश तापमानाचं पाणी 20 अंशाच्या पाण्यापेक्षा दीडपट चिकट असतं. पीठ आणि चुरा त्यामुळे तिसऱ्या हिश्शाने हळू बसतो. 4 मिमीच्या दाण्यावर परिणाम किरकोळ, छर्ऱ्यावर जवळपास नाहीच. म्हणजे थंडीत तुमची रिग आणि खाद्याचा ढग यांची फारकत आणखी वाढते.

फ्लोटच्या टोकावरून बरंच वाचता येतं. 1 मिमी जाडीच्या ब्रिसलचा, म्हणजे फ्लोटच्या वरच्या बारीक काडीचा, एक मिमी भाग बुडला की सुमारे 0.8 मिलिग्रॅम वजन उचललं जातं. म्हणजे 4 मिमीचं पेलेट लटकलं की ब्रिसल एक सेंटिमीटरच्या आसपास खाली जायला हवी, गळासकट अडीच. ब्रिसलभोवतीचा पृष्ठभागाचा ताण या हिशेबात घोळ घालतो, कारण तो स्वतःच वीसेक मिलिग्रॅमपर्यंत पेलू शकतो, म्हणून ती नीट भिजलेली असू द्या. आता एकेक शॉट खाली जाऊन लटकला की ब्रिसल एकेक टप्पा बुडते, तेव्हा मनात आकडे मोजा. पाचवर जो टप्पा यायचा तो सातवरही आला नाही, तर आमिष वाटेतच कोणीतरी धरलंय. ओढा! ब्रिसल पूर्ण बुडण्याची वाट बघत बसलात तर मधल्या पाण्यातले अर्धे मासे तुम्हाला कळणारही नाहीत.

काठावर एका पारदर्शक भांड्यात, जितकं उंच मिळेल तितकं बरं, मोकळा दाणा आणि हुकलेंथसकट लावलेला दाणा एकदम सोडून बघा. पहिल्याच वेळी फरक डोळ्यांना दिसेल. मग गळ एक नंबर लहान करा किंवा बारीक तारेचा घ्या, किंवा पेलेट टोचण्याऐवजी रबर बँडमध्ये अडकवा, आणि परत सोडा.

हे सगळं मधल्या पाण्यासाठी. मासे तळावर खात असतील, वर पिटुकल्या माशांची फौज असेल किंवा वारा-ओढ जोरात असेल, तर हा सगळा नाजूकपणा सोडा. मोठं वजन एका जागी, गळापासून 50-60 सेंमीवर लावा, आमिष लवकर खाली जाऊ द्या, आणि हळू उतरण्याचा हट्ट फक्त त्या शेवटच्या पन्नास सेंमीपुरता ठेवा.